दाराशीं बसलेला हिशेबनीस

घराच्या दाराशीं किंवा चाळीच्या जिन्याखालीं बसविलेलें विजेचें मीटर हें कोणाच्या नजरेंत भरणारें यंत्र नव्हे. महिन्यांतून एकदां वीज-कंपनीचा माणूस यावा, त्यानें आंकडा टिपून न्यावा, आणि पुढें महिनाभर त्या पेटीकडे कोणी ढुंकूनहि पाहूं नये, असा शिरस्ता वर्षानुवर्षें चालत आला. आज जगांतील अनेक देशांत हीं जुनीं मीटरें उतरवून त्यांच्या जागीं ‘स्मार्ट मीटर’ बसविण्याचें काम चालूं आहे. नवें मीटर कोणाची वाट पाहत नाहीं. आपला आंकडा तें आपण होऊन कळवितें. एवढ्याशा फरकांत पुष्कळ कांहीं सांठलेलें आहे.

विजेचें माप घेण्याची अडचण पहिल्यापासूनचीच. धान्य पायलीनें मोजतां येतें, दूध शेरानें; पण तारेंतून वाहणारी वीज धरावी कशांत? १८८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत अमेरिकेंत एडिसननें यासाठीं एक रासायनिक युक्ति योजिली. जस्ताच्या क्षाराच्या द्रावणांत जस्ताचे दोन पत्रे बुडविलेले असत. प्रवाह वाहूं लागला कीं एका पत्र्यावरचें जस्त सुटून दुसऱ्यावर बसे. ठराविक काळानें कंपनीचा माणूस ते पत्रे नेऊन तराजूंत तोली, आणि वजनांत पडलेल्या फरकावरून बिल निघे. थंडींत द्रावण गोठूं नये म्हणून पेटींत एक दिवाहि ठेवावा लागे! गिऱ्हाइकाला मात्र त्या पेटीकडे पाहून कांहींच उमगत नसे. कंपनी सांगेल तें प्रमाण.

पुढें १८८९ सालीं हंगेरींतील बुडापेस्ट येथील गांझ कारखान्याचे अभियंते ओटो ब्लाथी यांनीं प्रत्यावर्ती प्रवाहासाठीं फिरत्या चकतीचें मीटर सिद्ध केलें. दोन विद्युत्‌चुंबकांच्या प्रभावानें चकती फिरते, स्थिर चुंबक तिला आवर घालतो, आणि तिच्या फेऱ्यांवरून युनिटें मोजलीं जातात. या तत्त्वावरच्या मीटरांनीं शंभर वर्षें जगाचा हिशेब ठेवला. इस्त्री लावली कीं चकती गरगरूं लागे, हें घरांतल्या पोरासोरांनाहि दिसे. पण त्या चकतीला किती वीज गेली तें कळे. केव्हां गेली तें कळत नसे.

आणि हा ‘केव्हां’च आतां महत्त्वाचा झाला आहे. वीज ही मोठ्या प्रमाणांत साठविण्यास अवघड वस्तु. ज्या क्षणीं जितकी लागेल तितकी त्याच क्षणीं निर्माण व्हावी लागते. संध्याकाळीं घरोघर दिवे लागले कीं मागणी एकदम चढते, आणि त्या चार तासांकरितां उभारलेलीं महागडीं विद्युत्‌केंद्रें एरव्हीं स्वस्थ बसून राहतात. त्यांत सौर विजेची भर पडल्यामुळें भर दुपारीं सुकाळ आणि ऐन दिवेलागणीला टंचाई, असा नवाच प्रकार उद्भवला. दुपारचें युनिट स्वस्त व संध्याकाळचें महाग करावें म्हटलें, तर जुन्या चकतीपाशीं घड्याळ कोठें होतें?

हा बदल मोठ्या प्रमाणावर प्रथम केला तो इटलींतील एनेल या कंपनीनें. २००१ ते २००६ या अवधींत तिनें सुमारें ३ कोटि मीटरें बसविलीं. त्यासाठीं निराळी तार ओढावी लागली नाहीं. विजेच्या तारेवरूनच संदेश जवळच्या उपकेंद्रापर्यंत जाई आणि तेथून टेलिफोनच्या जाळ्यानें कचेरींत पोंचे. माणसाची खेप वांचली, अंदाजानें बिल पाठविण्याचें निमित्त उरलें नाहीं, वीजचोरी हुडकणें सोपें झालें. बसल्या जागेवरून जोडणी तोडण्याचीहि सोय झाली. ही सोय कोणाची, हें सांगावयास नको.

हिशेब बारीक झाला म्हणजे त्यांत हिशेबापलीकडचेंहि दिसूं लागतें. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंत जॉर्ज हार्ट हे संशोधक, घराच्या एकूण वीजवापरावरून आंतील एकेक उपकरण ओळखण्याची रीत बसवीत होते. प्रत्येक उपकरण चालूं किंवा बंद होतांना मागणीच्या आलेखांत आपापली पायरी उमटवितें. फ्रिजची निराळी, पाण्याच्या हीटरची निराळी. उद्देश काटकसरीचा होता. परंतु याच पायऱ्यांवरून घरचीं माणसें केव्हां उठतात आणि घराला कुलूप केव्हां असतें, हेंहि परक्याला वाचतां येईल, हें त्यांनीं ओळखलें, आणि १९८९ सालीं तसा इशारा देणारा लेख त्यांनीं स्वतःच लिहिला. शोधकानेंच आपल्या शोधाचा धोका आधीं बोलून दाखवावा, हें विरळा. अर्ध्या तासाच्या नोंदींत एवढें बारीक दिसत नाहीं हें खरें. तरी घर भरलेलें कीं रिकामें, जागें कीं निजलेलें, इतकें कळावयास त्या पुरतात.

नेदर्लंड्समध्यें हा प्रश्न कायदेमंडळांत आला. तेथें प्रत्येक घरास स्मार्ट मीटर सक्तीचें करणारें विधेयक निघालें होतें. ग्राहकसंघानें टिलबर्ग विद्यापीठांतील कायदेपंडितांकडून त्याची छाननी करविली. खाजगी जीवनाच्या हक्काशीं त्याचा मेळ बसत नाहीं, असा त्यांचा अभिप्राय पडला, आणि २००९ सालीं वरिष्ठ सभागृहानें तें विधेयक अडविलें. २०११ च्या सुधारित व्यवस्थेंत मीटर नाकारण्याची, किंवा बसवूनहि त्याची वाचा बंद ठेवण्याची मुभा गृहस्थाला मिळाली. मोठ्या प्रमाणावर मीटरें बसूं लागलीं तीं २०१५ पासून, म्हणजे त्यानंतरच. हा विलंब वायां गेला असें कोणास म्हणतां येईल काय?

भारतांत २०२१ सालीं केंद्र सरकारनें सुमारें २५ कोटि प्रीपेड मीटरांची योजना आंखली. महाराष्ट्रांत तिला विरोध झाला, आणि सामान्य घरगुती ग्राहकांस प्रीपेड मीटर लावणार नाहीं, असें सरकारला २०२४ सालीं जाहीर करावें लागलें. त्यानंतर जीं मीटरें येऊं लागलीं तीं वेळेनुसार नोंद ठेवणारीं आहेत. बिल पूर्वीसारखेंच महिन्यानंतर येतें. आधीं पैसे भरावयाचे कीं मागाहून, यावर गल्लोगल्लीं वाद रंगला. पण त्या नोंदींची वही कोणी, किती दिवस आणि कोणाकोणाला दाखविण्यासाठीं जपून ठेवावयाची, हा प्रश्न त्या गलबल्यांत मागेंच राहिला.