दोन्ही कॉलेजं चांगली आहेत, मग पहिल्या नंबरवर कोणतं?

कुणी सिटी बसमध्ये ऐकत असाल, कुणी क्लासवरून घरी जाताना. आजचा विषय सीईटीच्या निकालानंतरच्या त्या दिवसांचा आहे, जेव्हा घरातला प्रत्येक माणूस अचानक करिअर सल्लागार होतो. मार्क चांगले आलेत. दोन कॉलेजं मिळू शकतात. दोन्ही नावाजलेली. आणि काही केल्या ठरत नाही.

एक चांगलं आणि एक वाईट असेल तर डोकं लावायची गरजच नसते. दोन चांगल्यांमध्ये मात्र जीव अडकतो, कारण एक घेतलं की दुसरं सुटणारच असतं.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात हा प्रश्न बहुतेक वेळा एकाच रूपात येतो. इथलं की पुण्याचं? इंजिनिअरिंगचं बोलायचं तर एकीकडे उस्मानपुऱ्यातलं आपलं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, १९६० सालचं. दुसरीकडे पुण्याचं सीओईपी, १८५४ सालचं, २०२२ पासून स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ. अंतर साधारण २३५ किलोमीटर.

एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्या पणजोबांच्या पिढीला हा प्रश्न पडलाच नव्हता. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि विद्यापीठाचं शिक्षण म्हणजे मुख्यतः हैदराबाद, तेही उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून. मग १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, १९५६ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं, १९५८ मध्ये विद्यापीठ, १९६० मध्ये इंजिनिअरिंग. ‘इथे की तिथे’ असं विचारता येणं हीच त्या लोकांची कमाई आहे. म्हणून हा निर्णय नुसत्या नावावर ढकलू नये, असं मला वाटतं.

आता खरं उदाहरण सांगतो. माझी मामेबहीण. नाव घेत नाही, तिनेच बजावलंय. २०२५ च्या प्रवेशाची गोष्ट. तिला सिव्हिलच हवं होतं, आणि दोन्हीकडे मिळेल असं पर्सेंटाइल होतं. सिव्हिल का? तर पाण्यासाठी. गारखेड्यात राहणाऱ्या मुलीला हे वेगळं शिकवावं लागत नाही. नळाला पाणी कधी येणार यावर घराचं वेळापत्रक ठरतं. पाणी आलं की हातातलं पुस्तक खाली, ड्रम भरा, टाकी भरा.

मी इथेच शिकलोय, म्हणून मामांनी मला पंच म्हणून बोलावलं. त्यांना वाटत होतं, हा इथलीच बाजू घेईल. आम्ही कागदावर दोन रकाने पाडले.

इथला रकाना भरायला वेळ लागला नाही. पाण्याचा अभ्यास करायचा तर हे शहर म्हणजेच एक प्रयोगशाळा. मलिक अंबरच्या काळातल्या नहरी, पाणचक्की, पैठणला गोदावरीवरचं जायकवाडी, कांचनवाडीला १९८० पासून असलेली वाल्मी, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्था. मामा खूश.

मग पुण्याचा रकाना. खडकवासल्याला केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र, १९१६ पासूनचं. आणि खडकवासल्याच्या धरणावरच १९०३ मध्ये विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे पहिल्यांदा बसले. विश्वेश्वरय्या शिकले ते याच पुण्याच्या कॉलेजात. झालं! दोन्ही रकाने सारखेच जड.

इथेच बहुतेक घरांमध्ये गाडी अडते. मग कुणीतरी म्हणतं, ‘पुण्याचं नाव मोठं’, कुणी म्हणतं, ‘घरचं जेवण मिळेल’, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं.

मी तिला एवढंच म्हणालो, ‘कॉलेज बाजूला ठेव. मला तुझा मंगळवार सांग. सेमिस्टरच्या मधला, साधा मंगळवार. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत. एकदा इथला, एकदा तिथला.’

तिने इथला मंगळवार सांगितला. कॉलेज स्कूटीवर पंधरा मिनिटं. पाचला घरी. मग पाहुणे असतील तर चहा. आजीच्या गोळ्या. पाण्याचा दिवस असेल तर पाणी. धाकट्याचा अभ्यास. मामी दिवसभर दुकानात, त्यामुळे पोळ्या हिच्याकडे. अभ्यासाला बसायचं ते दहा वाजता, तेही हॉलमध्ये, टीव्ही बंद झाल्यावर. हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती. बारावीपर्यंत तिने असाच अभ्यास केला होता.

पुण्याच्या मंगळवारात ती पाच वाजता लायब्ररीत होती. बस्स, एवढाच फरक. मामी तेवढ्यात म्हणाल्या, ‘मग जाऊ दे तिला.’ मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. घरातली पोरगी घरात राहिली की तिचे तास आपोआप घराचे होतात, हे त्यांना कुणी असं मोजून दाखवलं नव्हतं. शेवटी त्यांनी खर्चाचं विचारलं, आणि त्यावरही आपण येऊच.

आता लगेच असं समजू नका की मी सगळ्यांना पुण्याच्या बसमध्ये बसवतोय. तिच्याच क्लासमधला एक मित्र, त्याला मेकॅनिकल हवं होतं. वडिलांचं वाळूजला जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे, आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्यांचं अख्खं जग उभं राहिलंय. या पोराला मशीन चालू बघितल्याशिवाय थिअरी डोक्यात शिरत नाही. त्याच्या इथल्या मंगळवारात दुपारपर्यंत वर्ग आणि संध्याकाळी वर्कशॉप होतं. पुण्याच्या मंगळवारात ती संध्याकाळच रिकामी होती. तो इथे राहिला. शनिवारी ड्रॉइंग घेऊन कामगारांशी वाद घालत असतो. मजेत आहे.

सारखीच निवड, दोघांची उत्तरं उलटी, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. कॉलेजच्या रँकिंगमध्ये तुमची आजी नसते, वडिलांचं वर्कशॉप नसतं, तुम्हाला शांतता लागते की गलका, हे नसतं. ते तुम्हालाच भरावं लागतं.

आता कामाच्या चार गोष्टी.

एक. दोन्ही कॉलेजं साध्या, कामाच्या दिवशी जाऊन बघा. संध्याकाळी पाचपर्यंत थांबा. कँटीनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि विचारा: काल संध्याकाळी काय केलंत? अडलं तर कुणाकडे जाता? पहिल्या वर्षी सगळ्यात जड काय गेलं? ‘कॉलेज कसं आहे’ असं विचारलंत तर ‘मस्त’ एवढंच ऐकायला मिळेल.

दोन. स्वतःला विचारा, वर्गात सगळेच टॉपर असले तर मी पेटून उठतो की गप्प होतो? दोन्ही स्वभाव चालतात. आपला कोणता, हे माहीत हवं.

तीन, खर्च. फीवर थांबू नका. इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असेल तर, २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. माझ्या बहिणीला ते लागू झालं. त्यामुळे दोन कॉलेजांमधला खरा फरक उरला तो राहण्या-जेवण्याचा. तुम्हीही महिन्याचा आकडा काढा. वर्षातले दहा महिने धरा, म्हणजे चार वर्षांचे चाळीस. चाळीसने गुणा आणि तो आकडा घरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. झेपत नसेल तर तेही एक उत्तरच आहे, त्यात कमीपणा नाही.

चार, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. ‘आधी दोन्ही मिळू दे, मग ठरवू’ असं म्हणू नका. २०२५ च्या इंजिनिअरिंग कॅपमध्ये पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ती जागा आपोआप फ्रीझ होत होती. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींना हा नियम, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना. म्हणजे निर्णय लिस्ट लागल्यावर होत नाही, तो ऑप्शन फॉर्म भरतानाच झालेला असतो. तुमच्या वर्षीचे नियम माहितीपुस्तिकेत नीट वाचा, ते बदलतात. आणि सायबर कॅफेवाल्या दादांना ‘तुम्हीच भरा नंबर’ असं सांगू नका. ते कितीही चांगले असले तरी तुमचा मंगळवार त्यांना माहीत नाही.

तर आज रात्री एक कागद घ्या, दोन रकाने पाडा, आणि दोन मंगळवार लिहा. खरे लिहा, इन्स्टावरचे नकोत. मग तो कागद आई-बाबांना वाचायला द्या. वाद होईल कदाचित, होऊ दे. फॉर्म लॉक व्हायच्या आधी झालेला वाद परवडतो.

तुमचे मंगळवार मला व्हॉइस नोटवर नक्की पाठवा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.