हलकं गाईड, सलामत बोटं

मी भिसेगावहून बोलते आहे, कर्जत स्टेशनला लागून असलेल्या आपल्या भिसेगावातून. बचत गटांची समन्वयक म्हणून कर्जत-खालापूरच्या बऱ्याच गटांत माझं जाणं-येणं असतं. पापड, मसाले, शिवणकाम यांवर आपण या कार्यक्रमात पुष्कळ बोललो. आज जरा वेगळ्या कामाबद्दल बोलायचं आहे. लाकडाच्या कामाबद्दल, आणि त्यातही एका साध्या वस्तूबद्दल. ती वस्तू म्हणजे टेबल सॉचं गाईड.

गणपतीच्या आधी पाट आणि चौरंगांना मागणी येते, हे आपल्याला ठाऊक आहे. गौरीसाठी मखर, देव्हाऱ्याखालचा ओटा, स्वयंपाकघरातली मसाल्याच्या डब्यांची मांडणी, या वस्तू बाया बनवू शकतात आणि काही गट बनवतातही. हातकरवतीने पाट कापायला वेळ जातो आणि कड सरळ येत नाही. म्हणून गट टेबल सॉ घेतो. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. एक टेबल असतं, त्याच्या फटीतून गोल दातेरी पातं वर आलेलं असतं. मोटरवर ते फिरतं. आपण लाकूड टेबलावर ठेवून पात्याकडे ढकलायचं.

आता लाकूड सरळ कसं जाणार? त्यासाठी पात्याच्या बाजूला एक लांब सरळ पट्टी असते. मिस्त्री लोक तिला गाईड म्हणतात, कोणी फेन्स म्हणतं. लाकडाची एक कड त्या पट्टीला चिकटवून ढकलायची. पट्टी आणि पातं यांत सहा इंच अंतर ठेवलं तर सहा इंचाची फळी निघते. एका अंतरावर लावून वीस फळ्या कापल्या तर वीसही सारख्याच निघतात. शिवणाच्या मशीनला शिलाई सरळ यावी म्हणून पट्टी लावतो, तसंच हे. फरक एवढाच की शिलाई वाकडी गेली तर उसवता येते. इथे ती सोय नाही.

हे पातं किती वेगाने फिरतं ते ऐका. दहा इंची पात्याचा घेर साधारण ८० सेंटिमीटर असतो. मिनिटाला ४००० फेरे झाले तर पात्याचा एकेक दात मिनिटाला ३२०० मीटर जातो. म्हणजे ताशी १९० किलोमीटर. आपली कर्जत लोकल कितीही जोरात धावली तरी त्या दाताला गाठायची नाही.

आणि धोका नेमका कुठे असतो? पात्याचे पुढचे दात, म्हणजे आपल्याकडचे, वरून खाली येतात. ते लाकूड टेबलावर दाबून धरतात. मागचे दात मात्र खालून वर येतात. गाईड मागच्या टोकाला पात्याकडे जरासं झुकलेलं असेल, तर लाकूड गाईड आणि मागचे दात यांच्यामध्ये चिमटतं. दात त्याला उचलतात आणि सरळ आपल्या अंगावर फेकतात. लाकूड छातीला, पोटाला, तोंडाला लागतं. त्या झटक्यात लाकडावरचा हात पात्याकडे ओढला जातो. बोटं जातात ती अनेकदा अशीच. डोळ्यांनी अंदाज घेऊन, गाईड न लावता कापलं, तरी हेच होतं. लाकूड हातात थोडं फिरलं की मागच्या दातांना लागलंच.

म्हणून गाईड लावल्याशिवाय लांब फळी चिरायची नाही, हा पहिला नियम. नियम सगळ्यांना पाठ असतो. मग पाळला का जात नाही?

एका गटात मी पाहिलं. टेबल चांगलं, मोटर चांगली. गाईड होतं लोखंडी चॅनेलचं, वेल्डिंग केलेलं, सात-आठ किलोचं. ते भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. बाया अंदाजाने कापत होत्या. तुम्ही म्हणाल, डोक्यावर दोन हंडे वाहणाऱ्या बाईला सात-आठ किलोचं काय कौतुक? प्रश्न उचलण्याचा नाही. गाईड केसभर सरकवायचं असतं. जड वस्तू ढकलली की आधी हलत नाही आणि हलली की दोन-तीन एमएम पुढे जाते. मागे ओढा, पुन्हा पुढे ढकला. पाटासाठी एक माप, चौरंगाच्या पायासाठी दुसरं, पट्टीसाठी तिसरं. दिवसात पंधरा-वीस वेळा हे करायचं म्हटलं की कंटाळा येतो. मग कोणीतरी म्हणतं, "एवढीशीच पट्टी आहे, चल, तशीच कापू." नाहीतर माप बदलायचं म्हणून मिस्त्रीला बोलवायचं आणि तो येईपर्यंत बसून राहायचं. मशीन गटाचं, हप्ता गटाचा, आणि हुकूम दुसऱ्याचा.

म्हणून सांगते, जे गाईड सहज हलत नाही ते लावलं जात नाही. हलकेपणा ही चैन नाही, सुरक्षेचाच तो भाग आहे.

असं गाईड आपल्याला घरी बनवता येतं. स्वतः बनवायचं म्हटलं की आपण बिचकतो. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं गाव आहे. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. दुष्काळी गावात राहून त्यांनी मुलामुलींना सुतारकाम, वेल्डिंग, विजेचं काम, शेती हे सगळं हाताने करत शिकवलं. त्यांचा विचार असा की हात चालले की डोकंही चालतं. तिथे मुलीही वेल्डिंग करतात. तेव्हा दोन बोल्टचं गाईड आपल्याला जड नाही.

साहित्य लिहून घ्या. टेबल पुढून मागे २४ इंच आहे असं धरते, तुमचं असेल त्याप्रमाणे बदला. एक, अॅल्युमिनियमचा चौकोनी पोकळ पाइप, अडीच इंच उंच, एक इंच रुंद, २८ इंच लांब. खिडक्या बनवणाऱ्याकडे तुकडा मिळतो. अॅल्युमिनियम लोखंडाच्या साधारण एक-तृतीयांश वजनाचं असतं, म्हणून ते घ्यायचं. पाइप सरळ आहे का ते दुकानातच काचेवर ठेवून बघा. दोन, सागाची किंवा दुसऱ्या टणक लाकडाची पट्टी, एक फूट लांब, दोन इंच रुंद, एक इंच जाड. तीन, सनमायका लावलेल्या १२ एमएम प्लायची पट्टी, २८ इंच लांब, चार इंच रुंद. चार, पाइपच्या पोकळीत घट्ट बसतील असे लाकडाचे दोन ठोकळे. पाच, ६ एमएमचे दोन लांब बोल्ट, नट आणि रुंद वॉशर, काही स्क्रू, आणि दोन सी क्लॅम्प. सगळं मिळून गाईडचं वजन दीड किलोच्या आसपास भरतं.

आता कृती. आधी दोन्ही ठोकळे पाइपच्या दोन टोकांत ठोकून बसवा. हे विसरू नका. पाइप पोकळ आहे, ठोकळा नसेल तर बोल्ट किंवा क्लॅम्प आवळताना तो चेपतो.

मग पाइप टेबलावर पुढून मागे ठेवा, पुढचं टोक टेबलाच्या बाहेर दोन इंच येऊ द्या. त्या टोकाखाली सागाची पट्टी आडवी लावा, म्हणजे इंग्रजी टी अक्षरासारखा आकार होईल. ही पट्टी टेबलाच्या पुढच्या कडेला टेकून सरकणार. पाइप आणि ठोकळ्यातून पट्टीपर्यंत दोन भोकं पाडा. पट्टीतलं एक भोक बोल्टच्या मापाचं ठेवा. दुसरं गोल कानशीने घासून जरा लांबट करा. इथेच सगळी युक्ती आहे. लांबट भोकामुळे पाइप थोडा फिरवून पात्याशी समांतर करता येतो आणि मग बोल्ट आवळता येतो. वर्षभरात लाकूड फुगलं, आटलं, तरी पुन्हा जुळवता येतं. आपल्याकडच्या पावसात लाकूड फुगणारच.

प्लायची पट्टी पात्याकडच्या बाजूला स्क्रूने लावा. स्क्रूची डोकी प्लायमध्ये बुडली पाहिजेत, नाहीतर लाकूड अडकेल. पट्टी टेबलापासून दोन एमएम वर ठेवा, म्हणजे भुसा तिथून निघून जाईल. खालून आणि सनमायक्यावरून मेणबत्ती घासा. गाईड एका बोटाने सरकलं पाहिजे.

आता जुळवणी. प्लग काढा. बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढा. पात्याच्या एका दाताला पेनने खूण करा. तो दात हाताने फिरवून पुढे आणा, गाईडपासूनचं अंतर मोजा. तोच दात मागे न्या, पुन्हा मोजा. दोन्ही मापं सारखी हवीत. मागचं अंतर अर्धा एमएम जास्त असलं तर चालेल, कमी कधीच नको. एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी आजचं बोलणं कारणी लागलं. जुळलं की बोल्ट आवळा.

वापरताना आधी पुढचा क्लॅम्प लावा, मग मागचं अंतर बघा, मग मागचा क्लॅम्प. हलकं गाईड मागून मोकळं सोडलं तर लाकडाच्या दाबाने सरकतं, म्हणून मागचा क्लॅम्प हवाच. माप पात्याच्या मधोमध न धरता गाईडकडे झुकलेल्या दातापासून धरा. आधी टाकाऊ तुकडा कापून मोजा, मग चांगलं लाकूड घ्या.

गाईड चांगलं झालं म्हणून बाकीची काळजी सुटत नाही. पात्यावरचं झाकण आणि पात्यामागची उभी पट्टी काढून ठेवू नका. पातं लाकडाच्या थोडंसंच वर ठेवा. गाईड आणि पात्यातलं अंतर एका वितीपेक्षा कमी असेल तर हाताने न ढकलता काठीने ढकला, ती काठी टेबलालाच टांगून ठेवा. पात्याच्या सरळ रेषेत उभ्या राहू नका, जरा बाजूला उभ्या राहा. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, केस बांधा, बांगड्या काढा. हातमोजे घालू नका, पातं त्यांना पकडतं. चष्मा आणि तोंडाला फडका हवाच. आणि आखूड तुकडा आडवा कापताना गाईडला टेकवून कापू नका, तो फिरून उडतो.

एवढं करूनही अपघात झालाच तर काय करायचं, तेही भिंतीवर लिहून ठेवा. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबा, हात वर धरा, १०८ ला फोन करा. बोट तुटलं असेल तर ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवायचं नाही.

ज्या गटाबद्दल सांगितलं, तिथे असं गाईड दोन दिवसांत तयार झालं. अॅल्युमिनियम भंगारातून वजनावर घेतलं, प्लायचा तुकडा घरातला. आता माप बदलायला कोणाला बोलवावं लागत नाही. तिथल्या एक काकू परवा मला म्हणाल्या, "अगं, आधी मी मशीनला घाबरायची, आता मशीनला काय काय होतं ते मला कळतं." घाबरणं आणि कळणं यांत हाच फरक आहे.

तुमच्या गटात टेबल सॉ असेल तर पुढच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाल्यावर एवढंच विचारा. गाईड कुठे आहे? टेबलावर आहे की भिंतीला टेकलेलं? आणि आपल्यातल्या किती जणी ते एकट्या लावू शकतात? उत्तर "एकच" आलं, तर त्या एकीने बाकीच्यांना शिकवायचं. कोणीच नाही असं आलं, तर ते गाईड लागेपर्यंत मशीनचा प्लग काढून ठेवा.

काळजी घ्या, काम करा.