ओसरीवरची बँक आणि आठवीचा पेपर

(प्रभाग संघाच्या वार्षिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले भाषण. ज्या सदस्यांना सभेला येता आले नाही, त्यांच्यासाठी येथे देत आहोत.)



जमाखर्च वाचून झाला, ठराव झाले. आता अध्यक्षताई म्हणाल्या, "तू आफ्रिकेत जाऊन मास्तरीण झाली होतीस ना, ते सांग." तुम्हाला माहीतच आहे, समाजकार्याची पदवी झाल्यावर मी वर्षभर मलावी देशातल्या एका खेड्यात स्वयंसेवक म्हणून इंग्रजी शिकवत होते. गटाच्या बैठकीला आले की कुणी ना कुणी विचारतंच. तिकडे काय खायचीस? एकटीला भीती नाही वाटली? आणि शेवटचा प्रश्न ठरलेला असतो, "मग आमच्या पोरांना इंग्रजी मीडियमला घालू का?" आज सगळ्याच प्रश्नांची उत्तरं देते. शेवटच्याचं जरा सविस्तर देते, कारण शाळेच्या फीसाठी गटातून कर्ज मागणाऱ्या सदस्या वाढल्या आहेत.

आधी देश समजून घेऊ. आफ्रिका हा एक देश नाही, पन्नासहून जास्त देशांचा खंड आहे. त्यातला मलावी हा आग्नेय भागातला छोटा देश. आपल्या महाराष्ट्राच्या एक तृतीयांशापेक्षा थोडा मोठा. त्याला समुद्र नाही, पण समुद्रासारखं दिसणारं लांबलचक सरोवर आहे. आपल्यासारखंच तिथेही इंग्रजांचं राज्य होतं, ते १९६४ साली गेलं. लोक घरात चिचेवा, तुंबुका, याओ अशा भाषा बोलतात. कचेरी आणि मोठ्या परीक्षा मात्र इंग्रजीत. शेती पावसावरची, मुख्य पीक मका. हे ऐकून तुम्हाला काही फार परकं वाटणार नाही.

खाणं म्हणाल तर न्सिमा. उकळत्या पाण्यात मक्याचं पांढरं पीठ घालत, मोठ्या लाकडी उलथन्याने घोटत राहायचं. आपल्या उकडीपेक्षा खूप घट्ट. हाताने मुटका करायचा आणि भोपळ्याच्या पाल्याच्या भाजीशी, घेवड्याशी नाहीतर सरोवरातल्या बारीक सुक्या मासळीशी खायचा. पहिले आठ दिवस मला भाकरीची आठवण यायची. नंतर न्सिमा नसली तर जेवल्यासारखं वाटेना. पाणी हापशावरून. सकाळी हापशावर बायकांची रांग, गप्पा आणि नंबरावरून भांडण. अगदी आपल्यासारखंच. रात्री मच्छरदाणी लावल्याशिवाय झोपायचं नाही, कारण हिवताप फार. बायका कमरेला चितेन्जे गुंडाळतात, म्हणजे दोन मीटरचं छापील कापड. त्यातच पाठीवर मूल बांधतात, त्यातच बाजार बांधून आणतात. आपला पदर जेवढ्या कामाला येतो, तेवढ्याच कामाला त्यांचं चितेन्जे.

भीतीचं विचाराल तर घरमालकीण आजी रोज अंधार पडायच्या आत मी आले का ते बघायची. भारतीय माणसाला तिकडे "म्वेन्ये" म्हणतात. शहरात भारतीय वंशाचे दुकानदार बरेच आहेत, त्यामुळे आधी सगळ्यांना वाटलं की मी दुकान टाकायला आले! त्यांचा नमस्कार कसा असतो सांगू? "मुली ब्वान्जी?" म्हणजे तुम्ही कशा आहात. पहिल्या दिवशी मला वाटलं, कुणीतरी मुलींबद्दलच विचारतंय. तिथे आधी ख्यालीखुशाली विचारल्याशिवाय कामाचं बोलत नाहीत. दुकानात साबण मागायचा तरी आधी "मुली ब्वान्जी".

आता शाळेकडे येते. १९९४ मध्ये मलावी सरकारने प्राथमिक शिक्षण मोफत केलं. पोरंच पोरं शाळेत आली, पटसंख्या एकदम साधारण दीडपट झाली. पण खोल्या आणि शिक्षक तेवढ्या वेगाने वाढतात का? माझ्या पाचवीच्या वर्गात हजेरीपटावर ११४ मुलं होती. बाकं नाहीत, सगळी जमिनीवर. खालचे दोन वर्ग आंब्याच्या झाडाखाली भरायचे, पाऊस आला की सुटायचे. इंग्रजीचं एक पुस्तक सहा-सात जणांत. पुस्तकाच्या वरच्या बाजूला बसलेली पोरं उलटी अक्षरं वाचायला शिकली होती!

तिथल्या शिक्षकांची एक गोष्ट मात्र मला फार आवडली. आसपास मिळेल त्या वस्तूंतून शिकवायचं, हे त्यांच्या शिक्षक प्रशिक्षणातच असतं. बाटलीची झाकणं मोजायला, मक्याची कणसं बेरजेला, चिखलाची चित्रं. रिकामी पोती उसवून आम्ही त्यावर मार्करने तक्ते काढले. पाऊस आला तरी फाटत नाहीत, गुंडाळून घरी नेता येतात. आपल्या अंगणवाडीत चिंचोके आणि बिया असतात ना, तोच हा विचार.

मी एकटी शिकवत नव्हते. तिथल्या एका शिक्षिकेबरोबर शिकवत होते, आणि ते बरंच झालं. मी वर्षाने परत येणार, त्या तिथेच राहणार. मी इंग्रजी वाक्य म्हणायचे, त्या चिचेवात त्याचा अर्थ उलगडायच्या. मुलांचे चेहरे उजळायचे ते त्यांच्या बोलण्याने. चिचेवात र आणि ल हे दोन वेगळे आवाज मानत नाहीत. त्यामुळे मुलं "राइस" म्हणायला जायची आणि "लाइस" म्हणायची. एक म्हणजे तांदूळ, दुसरं म्हणजे उवा! वर्गात हशा व्हायचा. आपण "इस्कूल" म्हणतो, ते "सुकुलू" म्हणतात. प्रत्येक भाषेची जीभ वेगळी वळते. त्यात लाजण्यासारखं काही नाही, हे मी मुलांना रोज सांगायचे.

पण हसण्यापलीकडचा प्रश्न मोठा आहे. खालच्या वर्गांत शिक्षक बहुतेक चिचेवातूनच समजावून सांगतात. वर गेलं की गणिताचं, विज्ञानाचं, समाजशास्त्राचं पुस्तक इंग्रजीत. आठवीला सरकारी परीक्षा असते. चिचेवाचा पेपर सोडला तर सगळे पेपर इंग्रजीत. त्या परीक्षेवर माध्यमिक शाळा मिळणार की नाही हे ठरतं. आता विचार करा. एखाद्या पोरीला पाऊस कसा पडतो, खत किती टाकायचं, हे सगळं पाठ आहे. आईबरोबर शेतात राबून शिकली आहे. पण प्रश्नच वाचता येत नसेल तर ती लिहिणार काय? पेपर विज्ञानाचा, नापास होते ती इंग्रजीमुळे. आणि घरचे म्हणतात, "हिचं डोकंच चालत नाही. लग्न करून टाका."

त्याच देशातला विल्यम कामक्वांबा हा मुलगा आज जगाला माहीत आहे. २००१-०२ च्या दुष्काळात घरात खायला नव्हतं. फी भरता आली नाही म्हणून त्याची माध्यमिक शाळा सुटली. तो गावच्या शाळेतल्या छोट्या वाचनालयात जाऊन बसायचा. पुस्तकं इंग्रजीत, नीट कळायची नाहीत. तो चित्रं आणि आकृत्या बघायचा, त्यावरून शब्दांचा अर्थ लावायचा. असं करत सायकलचे भाग, ट्रॅक्टरचा जुना पंखा, भंगार सामान आणि झाडाचे खांब वापरून त्याने पवनचक्की उभी केली आणि घरात दिवा लावला. लोक टाळ्या वाजवतात, वाजवाव्यातच. पण माझ्या मनात येतं, तो शाळेबाहेर बसून हे करत होता. त्याच्यासारख्या किती पोरी घरात पाणी भरत राहिल्या असतील, त्यांची मोजदाद कोण करणार?

तिथे जानेवारी-फेब्रुवारीत कणगी रिकामी होते. नवं पीक यायला एप्रिल उजाडतो. त्या दिवसांत वर्गातली मुलं कमी होत जातात आणि आधी मुली कमी होतात. माझ्या इंग्रजीच्या तासाला पहिल्या ओळीत बसणारी सातवीतली एक मुलगी अशीच यायची थांबली. चौकशी केली तर कळलं, घरात लग्नाचं बोलणं चालू आहे. मी बाहेरची, भाषा अर्धवट येणारी. मी त्या घरी जाऊन काय बोलणार होते?

तिथे गेल्या त्या गावातल्याच बायका. मलावीत बऱ्याच शाळांना "मदर ग्रुप" असतो. आपण "आई गट" म्हणू. गावातल्या काही आया मिळून शाळेत न येणाऱ्या मुलींची यादी ठेवतात आणि घरोघर जातात. बाळंत झालेल्या मुलीलाही पुन्हा शाळेत घेता येतं, असं तिथलं धोरण आहे. ते घराघरांत सांगायचं कामही त्याच करतात. त्या बायका या मुलीच्या घरी तीनदा गेल्या. पहिल्या वेळी बापाने उठवून लावलं. दुसऱ्या वेळी आजीशी बोलल्या. तिसऱ्या वेळी थेट विचारलं, "अडचण वहीची आहे, गणवेशाची आहे का खाण्याची?" अडचण पैशाचीच होती. तेव्हा त्यांच्या बचत गटाच्या मदत निधीतून गणवेश आणि वह्या आल्या. मुलगी परत आली. मी निघाले तेव्हा ती आठवीत होती.

त्यांच्याकडेही बचत गट आहेत बरं का! तिथे त्याला "बँक म्खोंडे" म्हणतात. खोंडे म्हणजे ओसरी. ओसरीवरची बँक. ऐकलं तेव्हा मला वाटलं, हे नाव आपणच ठेवायला हवं होतं. आफ्रिकेत या पद्धतीच्या गटांची सुरुवात १९९१ मध्ये नायजर देशात झाली, केअर या संस्थेच्या मदतीने. आणि आपल्याकडे नाबार्डने गटांना बँकेशी जोडायचा प्रयोग सुरू केला १९९२ मध्ये. ना त्यांनी आपल्याला पाहिलं, ना आपण त्यांना. पण बायकांची अडचण सारखी होती, म्हणून उपायही सारखा निघाला.

त्यांची पेटी बघण्यासारखी असते. तिला तीन कुलुपं. तीन किल्ल्या तीन बायकांकडे, पेटी चौथीकडे. चौघी जमल्याशिवाय पैसा हलत नाही. साधारण वर्षाच्या शेवटी सगळी बचत आणि व्याज वाटून घेतात, पुढच्या वर्षी पुन्हा शून्यापासून सुरुवात. वाटप आलं की खत आणि शाळेचा खर्च आधी काढून ठेवतात. आपण पैसा गटात वाढवत नेतो, बँकेचं कर्ज मिळवतो, ते आपलं बळ आहे. पण वाटपाच्या दिवशी शाळेचा खर्च आधी बाजूला काढायची त्यांची शिस्त आपण घ्यावी, असं मला वाटतं.

तिथल्या देदझा जिल्ह्यात थेरेसा काचिंदामोतो नावाच्या पारंपरिक प्रमुख होत्या. त्यांनी आपल्या भागातले शेकडो बालविवाह रद्द करायला लावले आणि त्या मुलींना शाळेत परत पाठवलं. २०१७ मध्ये तर देशाच्या घटनेतच दुरुस्ती होऊन लग्नाचं वय १८ झालं. आपल्याकडे मुलीसाठी १८ चा कायदा कित्येक वर्षं आहे. तरी दहावी होण्याआधी कुणाकुणाच्या पोरीचं लग्न ठरलं, हे इथे बसलेल्या आपल्या सगळ्यांना माहीत असतं. मग बोलायचं कुणी?

आता तुमचा शेवटचा प्रश्न. इंग्रजी मीडियमला घालू का? माझं मत सांगते, निर्णय तुमचा. इंग्रजी यायलाच पाहिजे. इंग्रजीविना दार कसं बंद होतं, ते मी आठवीच्या पेपरात पाहिलं. पण न कळणाऱ्या भाषेत सगळेच विषय कोंबले की मूल मुकं होतं, हेही मी त्याच वर्गात पाहिलं. आपल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी विषय आहे. म्हणून फीसाठी कर्जाचा अर्ज करण्याआधी एवढं बघा:

एक, त्या शाळेत जाऊन अर्धा तास वर्गाबाहेर उभ्या राहा. बाई स्वतः इंग्रजीत बोलतात का, का नुसतं फळ्यावरचं उतरवून घेतात?

दोन, मूल घरी आलं की विचारा, आज काय शिकलास? त्याला आपल्या भाषेत सांगता येत नसेल, तर ते पाठ करतंय, शिकत नाही.

तीन, फी एका वर्षाची धरू नका. दहावीपर्यंतची धरा, त्यात रिक्षा आणि गणवेश धरा. मग हप्ता झेपतो का ते बघा. शिक्षण हक्क कायद्याखाली खाजगी शाळांत पहिल्या वर्गाला २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांच्या मुलांसाठी मोफत असतात, त्याची चौकशी आधी करा.

चार, आणि हे रागावू नका. मुलगा इंग्रजी शाळेत आणि मुलगी "तिला काय करायचंय" म्हणून मागे, असं कर्ज गटाने मंजूर करताना चार जणींनी बोललं पाहिजे.

माझी सभेला एक विनंती आहे. प्रत्येक ग्रामसंघाने पाच जणींचा एक आई गट करावा. महिन्यातून एकदा शाळेत जाऊन मुख्याध्यापकांकडे सातवी ते दहावीच्या मुलींची हजेरी विचारायची. जी मुलगी सलग आठ दिवस आली नाही तिच्या घरी जायचं. भांडायला नाही, अडचण विचारायला. अडचण पैशाची असेल तर ग्रामसंघाच्या बैठकीत ठेवायची. लग्नाची असेल तर सगळ्यांनी मिळून जायचं. यासाठी इंग्रजी लागत नाही, पदवी लागत नाही आणि आफ्रिकेहून कुणी यावंही लागत नाही.

पाच जणींची नावं आजच वहीत लिहून सीआरपी ताईंकडे द्या. मी पुढच्या महिन्यात गावोगावी येणारच आहे. त्या वेळी पहिली हजेरी आपण बरोबर जाऊन बघू.