उभी बाटली, आडवी बाटली

नागपुरात वस्तीत बिअर शॉपी उघडली की वाटतं, परवाना महापालिकेनं दिला. तसं नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 नुसार तो राज्य उत्पादन शुल्क विभागाकडचा विषय. सोसायटीच्या आवारात नवं दुकान हवं तर सोसायटीचं ना-हरकत प्रमाणपत्र लागेल, असं सरकारनं मार्च 2025 मध्ये विधानसभेत जाहीर केलं.

गावात दुकान नकोच असेल तर? 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन द्यायचं. सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. आडवीला एकूण मतदारयादीतल्या निम्म्याहून अधिक मतं लागतात. घरी राहिलेली बाई नकळत उभ्या बाटलीलाच बळ देते. म्हणून मायबहिणींनो, नुसत्या सहीवर थांबू नका, मतदानाला या.