सम कुठंय? ‘कानडा राजा’, माझी गिटार आणि आमचे तात्या

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय ऐकण्याचाच आहे.

‘कानडा राजा पंढरीचा’. आता पंढरपूरच्या माणसाला हे गाणं आवडतं का, असं विचारण्यात अर्थ नाही. आम्ही ते आवडून घ्यायच्या आधीच पाठ झालेलं असतं. आषाढीच्या आठवड्यात प्रदक्षिणा मार्गावरून शाळेत जायचं म्हणजे बुक्का, चुरमुरे, तुळशीच्या माळा आणि दर चार दुकानांमागे एका कॅसेटवाल्याचा स्पीकर. एकाकडे भीमसेन जोशींचं ‘माझे माहेर पंढरी’ चालू, दुसऱ्याकडे हे. दोन्ही एकदम कानात. मला कितीतरी वर्षं ही दोन्ही मिळून एकच गाणं वाटायची.

आज बोलायचंय ते या गाण्याच्या लाइव्ह सादरीकरणांवर. महेश काळे गातात, राहुल देशपांडे गातात, आणि दोघांचंही ऐकून लोकांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘अंगावर काटा आला.’ दुसरा म्हणतो, ‘गाणं कमी, आलाप जास्त. मूळचं ते मूळचं.’ आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर एकादशीला हे भांडण ठरलेलं. आत्या एक व्हिडिओ टाकणार, तात्या त्यावर फक्त एक टिंब टाकणार. टिंब म्हणजे नापसंती. हे आमच्या घरात सगळ्यांना कळतं.

या भांडणात मी स्वतः कसा सापडलो, ते सांगतो. पण त्याआधी गाणं.

मूळ गाणं ‘झाला महार पंढरीनाथ’ या १९७० च्या सिनेमातलं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं, आणि आवाज दोन: स्वतः फडके आणि वसंतराव देशपांडे. सिनेमा दामाजीपंतांचा. म्हणजे आमच्या शेजारच्या मंगळवेढ्याची गोष्ट. दुष्काळात दामाजींनी बिदरच्या बादशहाची धान्याची कोठारं लोकांना उघडून दिली, आणि त्यांना वाचवायला विठ्ठल महाराचं रूप घेऊन बादशहाकडे पैसे भरायला गेला. सिनेमाचं नाव तिथून आलंय. आणि ‘कानडा’ म्हणजे काय, यावर तर विद्वानांनी पानंच्या पानं लिहिलीत. ज्ञानेश्वरांच्या अभंगातही विठ्ठल कानडा आहे, कर्नाटकू आहे. रा. चिं. ढेऱ्यांचं ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ मिळालं तर वाचा. सोपं नाही, पण वाचा. (आणि गंमत बघा, पंढरीचं गाणं घराघरांत पोचवणारे भीमसेन जोशी मूळचे गदगचे. देव कानडा, गाणाराही कानडा, आणि डोळे पुसणारे आपण मराठी.)

आता पुढचं नीट ऐका. त्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये दोन वेगळे स्वभाव आहेत. फडके शब्द गातात. एकेक अक्षर स्वच्छ, भावगीताच्या शिस्तीत, कुठेही गर्दी नाही. वसंतराव त्याच चालीत शिरतात आणि दार उघडून वारं आत यावं तसं करतात. त्यांची तान कधी कुठून उठेल सांगता येत नाही. फडक्यांनी संगीतकार म्हणून हे मुद्दाम केलंय असं मला वाटतं. एक आवाज ओळ धरून ठेवतो, दुसरा तिच्याभोवती फिरतो. दोघंही आहेत म्हणून कुणाची तक्रार नाही.

लाइव्हमध्ये काय होतं? गायक बहुतेक वेळा एकच असतो. समोर हजार माणसं, रेकॉर्डच्या वेळेचं बंधन नाही. साहजिकच तो वसंतरावांच्या बाजूने जातो. राहुल देशपांडे तर नातूच, त्यांच्या गळ्यात ते यायचंच. महेश काळे जितेंद्र अभिषेकींचे शिष्य. अभिषेकीबुवांनी नाट्यगीत मैफलीत कसं फुलवायचं ते एका पिढीला शिकवलं. मग ज्यांना लहानपणापासून फडक्यांची ओळ ऐकू येते, त्यांना वाटतं आपलं निम्मं गाणं कुणीतरी काढून घेतलं. ज्यांच्या कानात वसंतराव आहेत, त्यांना वाटतं अखेर कुणीतरी गाणं मोकळं सोडलं. भांडण जुनं-नवं असं नाहीच. ते १९७० च्या रेकॉर्डमध्ये आधीपासून आहे, फक्त तिथे दोघंही एकत्र नांदतात.

हे शहाणपण मला आत्ता आलंय बरं का. मागच्या कोजागिरीला नव्हतं.

मागच्या कोजागिरीला आमच्या वाड्याच्या चौकात गाणं-बजावणं ठरलं. मी पुण्यात नोकरी करतो, आणि कॉलेजपासून गिटार वाजवतो, ब्लूज जास्त. चुलतबहीण म्हणाली, दादा, ‘कानडा राजा’ वाजव ना इलेक्ट्रिकवर. आमचे तात्या, म्हणजे माझे मोठे चुलते, चाळीस वर्षं भजनी मंडळात पखवाज वाजवतात. त्यांना विचारलं, धराल का ठेका? ‘धरतो की,’ म्हणाले. मला खरंच आश्चर्य वाटलं. टिंबवाले तात्या हो म्हणाले!

सुरुवात झकास झाली. तात्यांनी आठ मात्रांचा भजनी ठेका धरला, मी मुखडा वाजवला. गिटारची तार ओढून सूर वर नेतात ना, ती जवळजवळ आपली मींडच आहे. त्यामुळे चाल गिटारवर चांगली बसते. दुधाचे पेले बाजूला ठेवून माणसं ऐकायला लागली. मग मी सोलो घेतला. डोळे मिटून. किती वेळ ते मला माहीत नव्हतं. मध्येच पखवाज थांबला. डोळे उघडले तर तात्या दोन्ही तळहात पखवाजाच्या तोंडांवर ठेवून शांत बसलेले. मी एकटाच वाजवत राहिलो, कसंबसं संपवलं. पोरांनी टाळ्या-शिट्ट्या दिल्या. म्हातारी मंडळी चंद्राकडे बघायला लागली. तात्या एवढंच म्हणाले, ‘सम कुठंय रं?’ आणि उठून गेले. दूधही घेतलं नाही.

मी ते ऐकलं कसं, तर ‘आमच्या विठ्ठलाला तुझी गिटार नको’ असं. भयंकर राग आला. पुण्याला परत येताना मित्राला फोनवर तासभर ऐकवलं. ही जुनी माणसं, यांना नवीन काही सहन होत नाही, परंपरा म्हणजे काय यांच्या बापाची आहे का वगैरे. मित्राने पण इमानेइतबारे हो ला हो केलं. दिवाळीला फराळाला गेलो तर तात्या ‘बरं हाय ना पुण्यात?’ एवढंच बोलले. कार्तिकीला मी गेलोच नाही.

इथे थोडं अमेरिकेत जाऊन येऊ. रॉबर्ट जॉन्सन नावाचा ब्लूज गायक. १९३६ मध्ये टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोत त्याने ‘क्रॉस रोड ब्लूज’ रेकॉर्ड केलं. एकटा माणूस, एक गिटार. पुढे दोन वर्षांत, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी तो गेला. गाण्यात काय आहे, तर अंधार पडत चाललाय, माणूस चौरस्त्यावर उभा आहे, आणि कुणी गाडी थांबवत नाही. १० मार्च १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडमध्ये ‘क्रीम’ या बँडने तेच गाणं लाइव्ह वाजवलं. गिटारवर आणि गायला एरिक क्लॅप्टन, बेसवर जॅक ब्रूस, ड्रम्सवर जिंजर बेकर. गिटार शिकणारी अर्धी दुनिया तो सोलो घोटते. मीही घोटला, बोटं सोलून निघेपर्यंत.

त्यावरही दोन तट. एक म्हणतो, याच्यापुढे सोलो नाही. दुसरा म्हणतो, जॉन्सनच्या आवाजातली भीती कुठे गेली? हा तर मोटारीत बसून चौरस्ता ओलांडणारा माणूस वाजवतोय. दुसऱ्यांचं म्हणणं मला पूर्वी नुसतं रडगाणं वाटायचं. पण दोन्ही एकापाठोपाठ ऐका. जॉन्सनच्या ओळी लहान-मोठ्या आहेत. एखादी मात्रा इकडे जास्त, तिकडे कमी. एकट्याला ते चालतं, तो श्वास घेईल तिथे ओळ संपते. तिघांना एकत्र वाजवायचं तर ते काटेकोर बारा बारमध्ये बसवावं लागतं. म्हणजे कव्हरने नक्की काय बदललं, ते बोट ठेवून दाखवता येतं. पावित्र्य वगैरे मोठे शब्द लागत नाहीत.

आणि खुद्द क्लॅप्टन? त्याने पुढे मुलाखतीत सांगितलं की त्याला ते रेकॉर्डिंग ऐकवत नाही, कारण मधल्या सोलोत ते लोक चुकीच्या बीटवर गेलेत असं त्याला वाटतं. जगाने डोक्यावर घेतलेला सोलो, आणि वाजवणाऱ्याची तक्रार काय? सम कुठंय रं.

ही मुलाखत मी पूर्वी वाचली होती. डोक्यात काहीच पेटलं नव्हतं.

पेटलं फेब्रुवारीत. फोनचं स्टोरेज भरलं म्हणून जुने व्हिडिओ उडवत होतो, त्यात बहिणीने पाठवलेलं कोजागिरीचं रेकॉर्डिंग निघालं. उडवणार होतो. मग म्हटलं, बघू तरी तात्यांनी कुठे हात काढला. आवाज काढून घेतला, ऑडॅसिटीत टाकला आणि मात्रा मोजत बसलो. ऑफिसमध्ये बग शोधतो तसंच. सोलोच्या नवव्या आवर्तनात मी एक तार ओढून धरलीय, आणि खाली उतरताना अर्धी मात्रा उशिरा उतरलोय. त्यानंतरचं सगळं अर्धी मात्रा सरकलेलं. माझ्या बंद डोळ्यांमागे मी समेवरच होतो!

पुढच्या आवर्तनात तात्यांनी समेचा ‘धा’ नेहमीपेक्षा जोरात मारलाय. त्याच्या पुढच्यात अजून जोरात. मला आठवतंय, त्या वेळी मला वाटलं होतं की ते मुद्दाम व्यत्यय आणतायत. ते मला हाका मारत होते हो. मी आलो नाही, तेव्हा त्यांनी पखवाज थांबवला, म्हणजे मला कुठूनही परत यायला मोकळं झालं.

त्याहून वाईट एक गोष्ट त्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. पखवाज थांबायच्या जरा आधी, मागे बसलेल्या बायकांनी मुखडा उचललाय. बरोब्बर समेवर. दोन-तीन शब्द ऐकू येतात, आणि मग गिटार भलतीकडेच चाललीय म्हटल्यावर त्या गप्प होतात. त्यांना गायचं होतं. मी त्यांना गाऊ दिलं नाही.

वारकरी चाली तुम्ही दिंडीत ऐकल्या असतील तर कळेल मी काय म्हणतोय. वीणा, टाळ, पखवाज, आणि एकाने ओळ टाकली की बाकीच्यांनी ती उचलायची. चाल अशी बांधलेली असते की चालत चालत, धाप लागलेली असताना, मागच्या रांगेतल्या माणसालाही ती धरता आली पाहिजे. तुकोबांनी स्वतः कुठल्या चालीत म्हटलं, त्याची कॅसेट कुणाकडे नाही. एकच अभंग वेगवेगळ्या चालींत म्हटलेला तुम्हाला सापडेल आणि कुणी त्याला कव्हर म्हणत नाही. बदलाला तिथे कुणाची हरकत नसते. उचलायला जागा ठेवली नाही तर असते. महेश काळे मैफलीत मध्येच थांबून श्रोत्यांना ओळ गायला देतात, ते काहींना नाटकी वाटतं. आत्तापर्यंत मलाही थोडं वाटायचं. आता वाटत नाही.

तात्यांना फोन केला. म्हटलं, तात्या, मी रेकॉर्डिंग ऐकलं. अर्धी मात्रा सुटली होती माझी.

‘मला ठाव हाय की,’ म्हणाले. ‘तुला कळलं न्हवतं.’

म्हटलं, मग तेव्हाच सांगायचं ना!

‘सांगितलं की. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा थांबून सांगितलं. आजून कसं सांगायचं असतंय?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी जरा भीतभीत विचारलं, म्हणजे गिटारीला तुमची हरकत नव्हती? मला वाटलं आता गोड शेवट होणार. तर म्हणाले, ‘हाय की हरकत. ते घरघर वाजतंय त्ये बंद कर. मधमाश्यांचं पोळं फुटल्यागत वाटतंय. साधी वाजीव.’ घरघर म्हणजे डिस्टॉर्शन. ते मला आवडतं. त्याच्याशिवाय लांब सूर टिकत नाही, असं मी त्यांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘मग लांब सूर कशाला पायजे?’

तर मतभेद अजून आहेत. पण गेल्या दोन महिन्यांत तीनदा पंढरपूरला जाऊन आलो, रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर बसून वाजवलं. आषाढी झाली, घरात उतरलेले वारकरी गेले, की चौकात परत करायचं ठरलंय. डिस्टॉर्शनचा पेडल मी अर्ध्यावर आणलाय, तात्या म्हणतात पाववर आण. दर चौथ्या आवर्तनाला मुखडा मोकळा सोडायचा, बायका उचलतील, हे मात्र दोघांनाही मान्य आहे. सोलो किती, यावर गाडी अडलीय. मी आठ आवर्तनं मागितली, तात्यांनी चार दिली. काल रात्री सहापर्यंत आले, आणि सकाळी ग्रुपवर टिंब टाकलं.