बोथट बिट आणि गेलेला वाफसा

(गारखेडा येथे झालेल्या जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी आणि विजेची बिले यांवर पुष्कळ बोलणे झाले. मला बोलायचे आहे ते या वितभर वस्तूबद्दल. हे ड्रिलचे बिट आहे, दहा एमएमचे. पुढच्या रांगेतले एक काका शेजाऱ्याच्या कानात म्हणाले, "भावाचं बोलायचं सोडून यानं हे काय काढलं?" ते मला ऐकू आले. (हशा) काकांचा प्रश्न बरोबर आहे. त्यामुळे आधी हिशेब सांगतो.

मृग बरसून गेला होता आणि जमिनीला वाफसा आलेला होता. आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावात एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरचे पेरणीयंत्र बाहेर काढले तर एका फणाची पट्टी बोल्टाच्या भोकाशी तडकलेली. घरात नवी पट्टी होती, ड्रिल मशीन होते, बिटही होते. फक्त भोक पाडायचे होते. बिट लोखंडावर ठेवले तर नुसते किंचाळते, धूर काढते, आत जात नाही. जोर लावला तर टोक निळे पडले. मग मोटारसायकल काढून तालुक्याला. दुकान दुपारी उघडले, बिट घेऊन परत येईपर्यंत दिवस कलला आणि रात्री पाऊस लागला. पुढे आठ दिवस रानात पाय घालता आला नाही. पेरणी लांबली तशी कपाशी मागे पडली, आणि कोरडवाहू रानात मागे पडलेली कपाशी शेवटच्या ओलीला मुकते हे तुम्हाला मी सांगायला नको. बिटाची किंमत दीड-दोनशे रुपये. पेरणीच्या दिवसाची किंमत कोण करणार? आधारभूत किंमत ठरवताना अवजारांचा घसारा खर्चात धरतात, पण बोथट बिटापायी गेलेला वाफसा कोणत्याच रकान्यात बसत नाही. तो आपल्या अंगावर पडतो.

आज आपण गारखेड्यात बसलो आहोत. नावात खेडे आहे, पण हे गाव केव्हाच शहराच्या पोटात गेले. एका अंगाला चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला वाळूज. आपल्या घरातली कितीतरी पोरे तिथे कामाला जातात. त्यांना विचारा, कारखान्यात बोथट बिट फेकतात का? नाही. ते धार लावायला जाते आणि परत येते. एक बिट कितीतरी वेळा धार घेते, पार आखूड होईपर्यंत चालते. तोच पोरगा सणाला गावी आला की घरातले बोथट बिट गोठ्याच्या वळचणीला खोचलेले पाहतो आणि बापाला म्हणतो, नवीन आणा. कारखान्याला जो हिशेब कळतो तो आपल्याला का कळू नये?

थोडे बिटाविषयी. पीळ असलेल्या बिटाचे पेटंट अमेरिकेत स्टीफन मोर्स याने १८६३ साली घेतले. पुढे १९०० च्या सुमारास टेलर आणि व्हाइट या दोघांनी हायस्पीड पोलादाची रीत बसवली. या दोन गोष्टींवर तुमच्या हातातले बिट उभे आहे. साधे कार्बन पोलादाचे बिट तीनशे अंशांच्या आसपास तापून निळे झाले की त्याचे पाणी उतरते. मग धार लावा नाहीतर पूजा करा, ते मऊच राहते. निळा भाग पूर्ण घासून काढला तरच खाली चांगले पोलाद सापडते. हायस्पीडचे बिट सहाशे अंशांपर्यंत धार धरून राहते. म्हणून घेताना बिटावर एचएसएस ही अक्षरे पाहा. सोनेरी रंगाला भुलू नका. रंग वरून असतो, कापायचे काम आतल्या पोलादाने करायचे असते.

आता बिट बोथट का होते? लोखंड कठीण असते म्हणून, असे आपण समजतो. बहुतेक वेळा दोष वेगाचा असतो. साध्या लोखंडात दहा एमएमचे बिट मिनिटाला आठशेच्या आसपास फेऱ्यांनी फिरावे. आपल्याकडचे छोटे ड्रिल मशीन बटण पूर्ण दाबले की अडीच हजारांच्या पुढे जाते. वेग जास्त, दाब कमी, तेलाचा थेंब नाही. मग बिट कापत नाही, घासते आणि जळते. बटण अर्धे दाबा, आधी चार एमएमचे भोक पाडा, तेल सोडा, आणि मग नेटाने दाबा. तेल इंजिनाचे असले तरी चालेल.

आणि कमानीच्या पाट्यावर ड्रिल चालवू नका. ट्रकच्या कमानीचा पाटा वखराच्या पासेला उत्तम, पण तो पाणी दिलेला असतो. तो आधी लोहाराकडे लाल करून राखेत सावकाश निववून घ्या, भोक पाडा, मग पुन्हा पाणी द्या. हे काम लोहाराचेच. माझ्याकडे शेतीची पदवी आहे, पण पोलादाचा रंग पाहून पाणी किती बसले हे सांगणारा माणूस मला कॉलेजात भेटला नाही, गावच्या भात्यावर भेटला. त्याला त्याचे पैसे रोख द्या. घासाघीस करू नका. भाव मागणाऱ्यांनी दुसऱ्याच्या श्रमाचा भाव पाडू नये.

आता मुख्य मुद्दा, धार लावायला घरी काय घ्यावे.

कानस चालत नाही. कानस आणि बिट दोन्ही सारखीच कठीण, कानसच गुळगुळीत होते. बाजारात ड्रिल मशीनला जोडायचे एक प्लास्टिकच्या डबीतले यंत्र मिळते. भोकात बिट घाला, फिरवा, झाली धार असे ते सांगतात. मी घेतले होते. लहान बिटांना दोन-चार वेळा बरी धार आली, मग आतला छोटा दगड झिजला आणि डबी पोराच्या खेळण्यात गेली. दुसरे, फक्त बिटांसाठीचे विजेचे यंत्र. काम चोख करते. पण महाग असते आणि बिटाखेरीज त्याला दुसरे काही येत नाही. ज्याचे वेल्डिंगचे दुकान आहे त्याने घ्यावे. आपल्या घरी वर्षाला बिटे किती लागतात?

हँड ग्राइंडर आता घरोघर आला आहे. तो मांडीखाली धरून त्यावर बिट घासणारे मी पाहिले आहेत. भावांनो, हे करू नका. ते चाक मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फिरते. कापायची पातळ चकती बाजूने दाबली की फुटते, आणि फुटलेला तुकडा डोळा आणि गाल यांत फरक करत नाही.

माझा कौल आहे टेबलावर बसवायच्या ग्राइंडरला. सहा इंची, दोन चाकांचा, अर्ध्या हॉर्सपॉवरचा. साधा दोन-चार हजारांत येतो. त्याच चाकावर खुरपे, विळा, कुऱ्हाड, कडबाकुट्टीची पाती, पासेची कड, सगळ्यांना धार लागते. खरे सांगायचे तर बिटांसाठी घेतलेल्या या मशीनचा सगळ्यात जास्त उपयोग निंदणीच्या खुरप्यांना होतो. बोथट खुरप्याने दिवसभर वाकून निंदणाऱ्या बाईचे मनगट संध्याकाळी कसे ठणकते ते समोर बसलेल्या बहिणींना ठाऊक आहे. घरात मशीन घ्यायचे ठरले की हा विषय त्यांच्यासमोर काढा. हो म्हणतील.

एकट्याला जड वाटत असेल तर चार घरांनी मिळून घ्यावे. मात्र मशीन एकाच्याच ओट्यावर पक्के बसवा. फिरतीवर गेलेले मशीन पेरणीच्या दिवशी नेमके दुसऱ्या वस्तीवर सापडते. अनुदानाची वाट पाहू नका. अर्ज, कोटेशन आणि खेटे यांत जितके दिवस जातात तितक्यात ग्राइंडर आपली किंमत वसूल करून देतो.

घेताना काय पाहायचे? चाकावरचे झाकण आणि समोरचा टेकू मजबूत हवा. टेकू आणि चाक यांत तीन एमएमपेक्षा जास्त फट नको, नाहीतर बिट आत ओढले जाते. एका बाजूला जाड कणांचे चाक, दुसऱ्या बाजूला साठ ते ऐंशी नंबरचे. चाक दोऱ्याला टांगून लाकडी मुठीने हलके टिचकवा. खणखणीत वाजले तर साबूत, बद्द वाजले तर तडा आहे, दुकानातच ठेवा. चालू केल्यावर मिनिटभर बाजूला उभे राहा. आणि विजेचा दाब. आपल्याकडे संध्याकाळी दाब इतका उतरतो की मोटार नुसती गुणगुणते, वेग घेत नाही. तशी धरून ठेवली तर वाइंडिंग जळणार. गुणगुण ऐकू आली की बंद करा. ज्या वस्तीवर विजेचा काहीच भरवसा नाही, तिथे हाताने फिरवायचा ग्राइंडर घ्या. काम सावकाश होते, एक माणूस फिरवायला लागतो, पण बिट तापत नाही. कार्बनच्या बिटाला आणि खुरप्याला तर तोच बरा. काँक्रीटचे बिट मात्र वेगळे. त्याच्या टोकाला कार्बाइडचा तुकडा असतो, त्याला राखाडी चाक चालत नाही, हिरवे चाक लागते.

आता धार. बिटाच्या टोकाला दोन कापणाऱ्या कडा असतात. दोन्ही कडांमधला कोन ११८ अंशांचा. तो मोजायला गेज मिळते, पण तुमच्याकडे नट आहेतच. सारख्या मापाचे दोन षटकोनी नट सपाट बाजूला सपाट बाजू भिडवून टेबलावर ठेवा. दोघांच्या मधे जी खाच तयार होते ती १२० अंशांची. बिटाचे टोक त्या खाचेत धरा आणि उजेडाकडे पाहा. दोन्हीकडे फट दिसली नाही तर कोन जमला. दोन अंशांच्या फरकाने आपले फण काही रुसत नाहीत.

बिट चाकाच्या तोंडाशी तिरके धरा, म्हणजे कापणारी कड चाकाला समांतर येईल. कड आडवी, जमिनीला समांतर ठेवा. हलके टेकवा आणि बिटाची शेपटी सावकाश खाली न्या, म्हणजे कडेच्या मागचा भाग जरा जास्त घासला जाईल. हा मागचा उतार आठ ते बारा अंशांचा हवा. बहुतेकांची चूक इथेच होते. कड छान चकाकते, पण मागचा भाग कडेइतकाच उंच राहतो, मग टाचच लोखंडावर टेकते आणि कड कापायला पोचतच नाही. माझे पहिले बिट मी असेच बिघडवले. तासभर घासून आरशासारखे केले आणि त्याने लाकूडसुद्धा कापले नाही.

मग बिट अर्धा फेरा फिरवून दुसरी कड तितकीच घासा. दोन्ही कडा सारख्या लांबीच्या हव्यात. एक लांब राहिली तर दहाच्या बिटाने भोक दहापेक्षा मोठे पडते, बोल्ट त्यात खेळतो, आणि खेळणारा बोल्ट पट्टीला पुन्हा तडा देतो. परीक्षा सोपी आहे. भोक पाडताना दोन्ही खाचांतून सारखे कुरळे तार निघाले तर धार बरोबर. एकाच बाजूने निघाले तर दुसरी कड नुसती फुकट फिरते आहे. तारेऐवजी भुकटी निघाली तर पुन्हा चाकाकडे चला.

तापू देऊ नका. थोडे घासा, थांबा. कार्बनचे बिट पाण्यात बुडवत राहा. हायस्पीडचे बिट लालबुंद झाले असेल तर पाण्यात टाकू नका, बारीक तडे जातात. हवेत निवू द्या. ज्यांचा हात बसत नाही त्यांच्यासाठी ग्राइंडरशेजारी बसवायचा एक लोखंडी मार्गदर्शक मिळतो, त्यात बिट अडकवून झुलवले की कोन आपोआप येतो. घ्यायला हरकत नाही, फक्त ग्राइंडर आधी.

डोळ्यांना चष्मा हवाच. हातमोजे नकोत, चाक मोज्यासकट बोट ओढते. उपरणे, पदर, सैल बाही, सगळे आवरून बसा.

किर्लोस्करवाडी १९१० साली वसली. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर पाहून त्या काळचे शेतकरी म्हणत, लोखंडाने जमिनीला विष चढेल. आज आपल्याला लोखंडाची भीती उरलेली नाही, पण ते हाताळायचे काम आपण दुसऱ्यावर सोडून दिले आहे. पेरणीला अजून अवकाश आहे तोवर वळचणीची बिटे काढा, निळी वेगळी करा, बाकीच्यांना एका रविवारी धार लावा आणि तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवा.

मागच्या ओट्यावर ग्राइंडर बसवला आहे, वीज आहे तोवर चालेल. ज्यांनी बिटे आणली असतील त्यांनी जेवणाआधीच तिकडे यावे. बहिणींनी खुरपी आणली असतील तर त्यांचा नंबर आधी. चष्मे दोनच आहेत, तेव्हा गर्दी करू नका.