समुद्र कोणाचा?
(घोडपदेव येथील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



येथून शिवडीचा किनारा फार दूर नाही. ओहोटी लागली की तेथे मैलभर चिखल उघडा पडतो. नियोजनकाराच्या लेखी ती पडीक जागा. कोळ्याच्या लेखी ते शेत. तिवरांच्या मुळांत कोळंबीची पिल्ले वाढतात, चिखलात खेकडे व शिंपल्या राहतात, ओढीबरोबर मासळी डोलीत शिरते. हे शेत कोणी नांगरीत नाही, तरी ते पिकते. आणि त्यावर कोळीवाडे पिढ्यान्‌पिढ्या जगले.

निसर्ग ही नुसती शोभा नव्हे. ते उत्पादनाचे साधन आहे. साधन हातचे गेले म्हणजे काय होते, हे गिरणगावास सांगावयास नको. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनींवर काय उभे राहिले, ते आपण पाहिलेच आहे.

वरळीचे उदाहरण घ्या. किनारा रस्त्याच्या पुलाच्या दोन खांबांत ६० मीटर अंतर ठेवण्याचे ठरले होते. वाऱ्या-उधाणात तेवढ्या वाटेने होड्या सुखरूप जाणार नाहीत, असे मच्छीमार सांगत होते. त्यांनी समुद्रात काम अडविले, तेव्हा कोठे डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने १२० मीटर अंतर मान्य केले. शहराला रस्ते नकोत, असे कोणी म्हणत नाही. प्रश्न एवढाच की, ज्यांना समुद्र कळतो त्यांना सर्वांत शेवटी का विचारले जाते? आणि भरपाई ठरताना नौका मोजता येतात. पण खडकावर कालवे फोडणारी बाई कोणत्या वहीत सापडणार?

गडचिरोलीतील मेंढा-लेखाने दुसरी वाट दाखविली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये त्या गावास सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवानेही ग्रामसभेच्या हाती आले. जंगल तेच, बांबू तोच. बदलला तो निर्णयाचा अधिकार.

समुद्रावर जगणाऱ्यांसाठी असा हक्काचा कायदा नाही. तो मिळविणे हे केवळ कोळ्यांचे काम समजण्याची चूक आपण करता कामा नये. चाळीतल्या कामगाराच्या ताटातला सुका बोंबील याच पाण्यातून येत आला आहे. ज्यांच्या श्रमावर आपण जेवलो, त्यांच्या लढ्यात आपली जागा पहिल्या रांगेत असली पाहिजे.